ज्युलिया चाइल्डचं घरचं स्वयंपाकघर: टीव्हीवर आलं तेव्हा घरचं किती उरलं?

ओट्यावरची (धागाकर्ती)
अमेरिकेला टीव्हीवरून फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड म्हटलं की १९६३ चा त्यांचा 'द फ्रेंच शेफ' कार्यक्रम आठवतो. हा धागा त्याबद्दल नाही. नव्वदच्या दशकात बाईंनी तीन मालिका स्वतःच्या राहत्या घरातून केल्या: 'इन ज्युलियाज किचन विथ मास्टर शेफ्स', 'बेकिंग विथ ज्युलिया' आणि फ्रेंच शेफ जाक पेपांबरोबरची 'ज्युलिया अँड जाक कुकिंग ॲट होम' (१९९९). घर मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला. शेवटच्या मालिकेपर्यंत बाईंनी पंच्याऐंशी ओलांडलेली.

'घरचं स्वयंपाकघर' हेच या मालिकांचं भांडवल. आता गंमत बघा. चित्रीकरणासाठी मधलं जेवणाचं टेबल बाहेर काढलं, त्या जागी शेगडी बसवलेला सुटा ओटा आणून ठेवला, वर दिवे टांगले. मग घरचं उरलं काय, मागे लटकलेली भांडी? माझ्या मते हा शेवटी सेटच, फक्त बिनभाड्याचा. पटत नसेल तर कारणं द्या. आणि जे लोक पुण्या-डोंबिवलीच्या फ्लॅटमधून पाककृतींचे व्हिडिओ करतात त्यांनी यातून काय उचलावं तेही लिहा. नुसतं 'छान धागा' नको.

खरवस
छान धागा.

(पळतेय.)

बोस्टनकर
सेट म्हणणं अन्यायाचं आहे. ती खोली साधारण २० फूट बाय १४ फूट. चाइल्ड दांपत्य १९६१ मध्ये त्या घरात राहायला आलं तेव्हाच ती बाईंच्या मापाने बांधून घेतली होती. बाई ६ फूट २ इंच. अमेरिकेत ओट्याची रूढ उंची ३६ इंच, ह्यांचा ओटा ३८ इंच. शेगडी म्हणजे सहा बर्नरची काळी गारलँड, हॉटेलात असते तसली, १९५६ मध्ये सेकंडहँड घेतलेली. भिंतीवर भोकाभोकांच्या फळ्या, त्यावर आकड्यांना पातेली, आणि प्रत्येक पातेल्यामागे त्याची बाह्यरेषा नवऱ्याने, म्हणजे पॉल चाइल्डने, काढलेली. कुठलं भांडं कुठल्या आकड्याला हे विचारायला नको, रिकामी रेषा दिसली की कळतं काय गायब आहे. सुऱ्या लोहचुंबकाच्या पट्टीवर.

२००१ मध्ये बाई कॅलिफोर्नियाला गेल्या आणि अख्खं स्वयंपाकघर स्मिथसोनियनला दिलं. २००२ पासून ते वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीमध्ये मांडलेलं आहे. तिथे टेबल जागेवर आहे, सुटा ओटा नाही. संग्रहालयाने घर कशाला मानलं हे त्यावरून समजून घ्या.

उंटावरचा_शहाणा
३८ इंच! आमच्याकडच्या समस्त आज्यांना पाट घेऊन उभं राहावं लागेल.

पाटावरवंटा
@उंटावरचा_शहाणा, हसण्यावारी नेऊ नका, हे माप व्हिडिओवाल्यांच्या कामाचं आहे. सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचं. त्यातून चिरण्यासाठी ४ ते ६ इंच वजा करायचे. कणीक मळायला आणि पोळ्या लाटायला आणखी २-३ इंच खाली, कारण तिथे खांद्याचं वजन लागतं. ५ फूट २ इंच उंचीला कोपर साधारण ३८ इंचावर येतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४. त्यावर गॅसची शेगडी ठेवली की भांड्याचा काठ चांगला ९-१० इंच वर जातो. म्हणूनच कढईत डोकावताना टाचा उचलाव्या लागतात आणि कॅमेऱ्यात खांदे कानाला टेकलेले दिसतात. शेगडीपुरता ओटा ४ इंच खाली घेतला की प्रश्न मिटतो. बिल्डर करून देत नाही ही गोष्ट वेगळी.

सुगरणीचा_नवरा
ज्युलियाबाई म्हणजे त्याच ना, ज्यांच्या हातून जिवंत प्रक्षेपणात अख्खी कोंबडी जमिनीवर पडली आणि त्यांनी उचलून परत ताटात ठेवली?

बोस्टनकर
ही दंतकथा आहे. कोंबडीही नाही, टर्कीही नाही, जमीनही नाही आणि जिवंत प्रक्षेपणही नाही. 'द फ्रेंच शेफ'च्या बटाट्याच्या भागात (१९६३) बटाट्याचं जाड धिरडं पलटताना अर्धं शेगडीशेजारी ओट्यावर सांडलं. ते त्यांनी हाताने गोळा करून परत तव्यात ढकललं आणि घरात एकटंच असल्यावर कोण बघतंय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. त्या काळी टेप कापून जोडणं महागडं काम, त्यामुळे अठ्ठावीस मिनिटं जवळजवळ सलग चित्रित व्हायची. पडलं ते तसंच राहिलं.

आणि तो स्टुडिओतला कार्यक्रम होता, या धाग्यातला नाही.

तवा_तापला
पण ते पडलं का, हे बघण्यासारखं आहे. बटाटा ओला आणि सैल, खालची बाजू धरलेली नाही, आणि पलटताना हात मध्येच कचरला. नियम थालीपिठाचाच. कडा सुटून तव्यात आख्खं सरकायला लागल्याशिवाय पलटायचं नाही. तवा आपल्यापासून पुढे ढकलायचा आणि मनगटाने झटकन मागे खेचायचा. वर उडवायला गेलं की हमखास अर्धं बाहेर. घरी सरावाला मूठभर कोरडे वाल तव्यात घ्या, गॅस न लावता.

ऑम्लेटचंही तेच. पेपांच्या पद्धतीत तीन अंडी, बुडाला ६-७ इंचांचा तवा. लोणी टाकल्यावर फेस येतो, तो त्यातलं पाणी उडतंय म्हणून. फेस बसला की पाणी गेलं, तेव्हा अंडी ओतायची. फेस असताना ओतली तर अंडं वाफवतं, उशीर केला तर लोण्यातला दुधाचा भाग करपून तपकिरी ठिपके येतात. फ्रेंच ऑम्लेटवर डाग चालत नाही, आपल्याला चालतो. जाड काठाच्या मोठ्या तव्यावर हे होणार नाही, अंडं पसरून पापड होतो.

मिरपूड
ऑम्लेट राहू दे, त्या मालिकेची खरी मजा भांडणात आहे. बाईंना पांढरी मिरी, जाकला काळी. बाईंना साधं बारीक मीठ, जाकला कोशर मीठ. अख्ख्या मालिकेत दोघं एकमेकांच्या ताटात खुपसत असतात.

मिठाच्या भांडणात आपल्यासाठी मोलाची गोष्ट आहे. अमेरिकन पाककृतीत '१ टीस्पून कोशर सॉल्ट' लिहिलेलं असतं. कोशर मिठाचे खडे पोकळ आणि मोठे, एका टीस्पूनमध्ये कंपनीप्रमाणे ३ ते ५ ग्रॅम बसतात. आपलं बारीक आयोडीनयुक्त मीठ त्याच चमच्यात ६ ग्रॅम. म्हणजे तोच चमचा वापरला तर पदार्थ दुप्पट खारट होऊ शकतो. मग लोक लिहितात, 'रेसिपी फसवी आहे.' निम्म्यापासून सुरुवात करा आणि चाखा. पीठ मळायचं असेल तर वजन करा, कारण कच्चं पीठ चाखून काही कळत नाही.

लोण्याचंही तसंच. पाकिटातलं पिवळं बटर खारवलेलं असतं. तिकडची 'एक स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम, अर्धा कप. घरचं पांढरं लोणी घेतलंत तर मीठ नाही पण पाणी जास्त, तव्यात तडतडेल. आधी मंद आचेवर त्याचं पाणी जाऊ द्या.

फोडणी_चुर्रर
+१ मिठाला. आणि पांढऱ्या मिरीला -१. तिला गोठ्याचा वास येतो.

मिरपूड
जुन्या पावडरीला येतो. अख्खी आणून कुटा. पांढरी मिरी म्हणजे तीच मिरी, पिकलेली, पाण्यात भिजवून साल काढलेली. भिजवण्यात हयगय झाली की तो वास.

सुगरणीचा_नवरा
धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) होण्याआधी त्या मालिकेतल्या कोंबडीचं कोणीतरी सांगा. दोघांनी दोन पद्धतीने भाजली ना?

तवा_तापला
हो. बाईंची पद्धत सरळ: छाती वर, बाहेरून लोणी, आत लिंबू. सुरुवातीला ४२५ फॅरनहाइट (म्हणजे २२० सेल्सियस धरा), मग आच खाली आणून बाकीचा वेळ. जाकची कोंबडी कुशीवर झोपते. एका कुशीवर सुमारे २५ मिनिटं, कूस बदलून २५, शेवटी पाठीवर १०, सगळं ४२५ ला. कारण असं: छातीचं मांस लवकर शिजून कोरडं पडतं, तंगडीला वेळ लागतो. कुशीवर ठेवली की तंगडी वर येते आणि खाली तापलेल्या भांड्याला टेकते, छाती आडोशाला राहते.

आता इकडचं गणित. ते आकडे पावणेदोन किलोच्या कोंबडीचे. आपल्याकडे साफ केलेली १ ते १.२ किलोची मिळते, म्हणून १८-१८-८ मिनिटांपासून बघायला लागा. दुकानात आधीच सांगा, 'कातडीसकट, अख्खी'. न सांगता गेलात तर तो सवयीने कातडी सोलून हातात देतो आणि कातडीशिवाय हा सगळा खटाटोप फुकट. रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवा, कातडी कोरडी झाली की कुरकुरीत होते. जांघेत, हाडाला न टेकवता, ७४ अंश झाले की झालं. थर्मामीटर नसेल तर जांघ टोचा, रस गुलाबी आला तर अजून वेळ.

खरवस
छोट्या ओटीजीत (टेबलावरच्या विजेच्या ओव्हनमध्ये) २२० ला वरची कॉइल कातडीला टेकायला येते. पलटायची पद्धत त्यात करू नका, दर वेळी दार उघडून तापमान पडतं. सरळ पाठ फोडून चपटी करा, खालच्या खाचेत ठेवा.

तवा_तापला
मान्य. २५ लिटरच्या आतल्या ओटीजीला चपटीच बरी. पण मग जाकच्या पद्धतीचं नाव घेऊ नका. :)

आवाज_बंद
चित्रीकरणाकडे येतो. धागाकर्तीताई, टेबल का काढलं याचं उत्तर सोपं आहे. घरच्या स्वयंपाकघरात शेगडी भिंतीला असते. गारलँडही भिंतीलाच होती. त्यावर रांधलं की प्रेक्षकाला बाईंची पाठ दिसणार, आणि कॅमेरा भिंतीत घुसत नाही. शिवाय पाहुणा शेफ शेजारी उभा राहणार, म्हणजे दोन माणसांची तोंडं आणि चार हात एकाच चौकटीत हवेत. त्याला मध्ये ओटा आणि समोर कॅमेरे, याला पर्याय नाही. स्टुडिओतल्या 'आम्ही सारे खवय्ये'मध्येही ओटा मध्येच आणि तोंड कॅमेऱ्याकडेच, पण तिथे भिंतीच सोयीने उभ्या केलेल्या.

आपल्या फ्लॅटमध्ये ओटा खिडकीखाली, म्हणजे दुहेरी दुखणं. पाठ कॅमेऱ्याला आणि उजेड लेन्सच्या तोंडावर. मध्ये घडीचं टेबल टाकून इंडक्शन ठेवा. पण तीन गोष्टी बघा. २००० वॅटचं इंडक्शन ९ अँपिअरच्या आसपास ओढतं, ६ अँपिअरच्या सॉकेटला आणि बारीक एक्स्टेंशनला लावू नका, १६ चं हवं. घडीचं टेबल साधारण ३० इंच, ओट्यापेक्षा खाली, पायांखाली लाकडी ठोकळे द्या, विटा हलतात. आणि गोल बुडाची कढई इंडक्शनवर चालत नाही, सपाट आणि लोहचुंबक चिकटणारी लागते. काही जण गॅसची नळी लांब करून शेगडीच मध्ये आणतात. कृपा करून करू नका. नळी दीड मीटरच्या आतच हवी आणि तिच्यावरून कोणी ये-जा करता कामा नये.

आवाज: एक्झॉस्ट बंद, पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली आत ठेवायची. घरी निघताना किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू कराल. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी युक्ती. कुकरची शिट्टी बोलण्यावर आली तर ते वाक्य गेलंच, म्हणून डाळ आधी शिजवून ठेवा. फोडणीचा आवाज वेगळा घ्या, माइक कढईच्या बाजूला हातभर लांब. वरून धरलात तर वाफ जाईल.

उजेड: आपली वीज ५० हर्ट्झची. मोबाइल मुळात सेकंदाला ३० चौकटींवर (फ्रेम्सवर) असतो, ट्यूबखाली काळे पट्टे सरकतात. म्हणून २५ चौकटी, शटर १/५० सेकंद ठेवा. खिडकीचा पांढरा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र नको, वरण एका बाजूला निळं आणि एका बाजूला केशरी दिसतं. वाफ दाखवायची तर दिवा भांड्याच्या मागे आणि पार्श्वभूमी गडद.

उंटावरचा_शहाणा
किल्ली फ्रिजमध्ये. मग कोथिंबीर गाडीत ठेवायची का?

फोडणी_चुर्रर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

ओट्यावरची
@आवाज_बंद, पाठ दिसण्याचा मुद्दा पटला. पण त्यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं: कॅमेऱ्यासाठी घर बदललं. आणि 'आधी करून ठेवलेलं' काढून दाखवणं तर चालूच होतं ना? ते घरी कोण करतं?

पाटावरवंटा
बेकिंगमध्ये त्याला इलाज नाही. ब्रिओशचं (लोणी-अंड्यांच्या मऊ फ्रेंच पावाचं) पीठ रात्रभर फ्रिजमध्ये जातं, कॅमेरा रात्रभर थांबत नाही. एका पदार्थाच्या किमान तीन प्रती लागतात: मोजून ठेवलेलं साहित्य, अर्ध्यावरचा टप्पा, आणि भाजून तयार. केक कापायचा असेल तर चौथी, कारण सुरी पहिल्यांदा कुठून फिरवायची ते ठरलेलं नसतं. व्हिडिओवाल्यांनी प्रत्येक टप्प्याच्या वाटीला चिकटपट्टी लावून क्रमांक टाकावा. सगळ्यात जास्त घोळ भिजवलेल्या साबुदाण्याच्या दोन वाट्या एकसारख्या दिसतात तेव्हा होतो. एक दोन तासांची, एक सहा तासांची, आणि कढईत नेमकी चुकीची जाते.

पण जाकबरोबरच्या मालिकेत उलट होतं. दोघांकडे लिहिलेल्या पाककृतीच नव्हत्या. रांधत गेले, पुस्तकातली मापं त्यावरून बेतली गेली. त्यामुळे 'थोडं वाइन', 'अजून लोणी' हे खरंच त्या क्षणी ठरलेलं. सेटवर असं करायची हिंमत होत नाही, कारण कपाटात ऐनवेळी हवी ती वस्तू नसते.

बोस्टनकर
'बेकिंग विथ ज्युलिया'मधला नॅन्सी सिल्व्हरटनचा भाग बघा. ब्रिओशच्या पिठाचा टार्ट, वर क्रेम फ्रेशचं कस्टर्ड. तो चाखताना बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चाखणं आधी बसवलेलं नव्हतं.

खरवस
आणि त्या टार्टचं साहित्य आपल्या फ्रिजमध्ये असतं! क्रेम फ्रेश म्हणजे विरजलेलं क्रीम. लोणी काढायला विरजलेली साय, ताक व्हायच्या आधीची, ही तिची सख्खी बहीण. फक्त चार-पाच दिवसांची आंबट साय नको, एका रात्रीत विरजलेली हवी. आठवड्याची साठवलेली घेतली तर भाजताना पाणी सुटून कस्टर्ड फाटतं. साधारण एक कप सायीला एक अंडं. साय गुठळ्यांची असेल तर आधी गाळणीतून दाबून काढा, मिक्सरला लावू नका, लोणीच निघेल.

पीठ भांड्यात पसरल्यावर बोटांनी मध्ये खळगा करायचा, कडा जाड ठेवायची. बोट आरपार गेलं की कस्टर्ड खाली झिरपून बूड ओलं राहतं. आपल्या मैद्यात तिकडच्या ब्रेडच्या पिठापेक्षा प्रथिनं कमी, म्हणून लोणी एकदम घालू नका, चमच्याचमच्याने, आधीचं जिरल्यावर पुढचं. पीठ तेलकट चमकायला लागलं तर थांबा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

मिरपूड
जाता जाता, 'इन ज्युलियाज किचन'मध्ये पाहुण्यांत भारतीय स्वयंपाक शिकवणाऱ्या मधुर जाफरीही होत्या. म्हणजे फोडणीचा वास त्या खोलीला नवा नाही.

आणि धागाकर्तीच्या वादाला खरं खाद्य हवं असेल तर त्याआधीची १९९३ ची 'कुकिंग विथ मास्टर शेफ्स' बघा. त्यात कॅमेरा सोळा शेफांच्या दारात गेला. लिडिया बास्तियानिच, ॲलिस वॉटर्स, न्यू ऑर्लीन्सला एमरिल लगासे. ज्युलियाबाई फक्त सूत्रधार. पुढच्या मालिकेत उलटं केलं, सगळ्यांना बाईंच्या घरी बोलावलं. सोळा घरांत दिवे लावण्यापेक्षा एका घरात कायमचे टांगणं सोपं, एवढा व्यवहार कोणालाही कळेल.

सुगरणीचा_नवरा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

आवाज_बंद
@ओट्यावरची, बदललं ते टेबल. बदललं नाही ते म्हणजे फिरणं. बाई बोलता बोलता न बघता मागे हात नेतात आणि बरोबर हवं ते पातेलं काढतात, कारण ते तीस-पस्तीस वर्षं त्याच आकड्याला आहे. सेटवर माणूस आधी बघतो, मग हात नेतो. त्या अर्ध्या सेकंदात घर कळतं. घरून व्हिडिओ करणाऱ्यांनी हेच राखावं. ओटा 'स्वच्छ दिसावा' म्हणून मिसळणाचा डबा आणि सांडशी रोजच्या जागेवरून हलवतात आणि मग चित्रीकरणात मोहरी शोधतात. तेल धूर सोडेपर्यंत तापतं, मोहरी टाकताक्षणी करपते, कडू होते. फोडणी कॅमेऱ्यावर फसते त्याचं पहिलं कारण हेच.

ओट्यावरची
बरं, 'सेट' शब्द मागे घेते. टेबलाचं दुःख कायम आहे. ज्या टेबलावर रोज जेवले तेच नेमकं टीव्हीवर नाही.

@आवाज_बंद, एक राहिलं. वरून खाली बघणारा कॅमेरा लावला की लेन्सवर वाफ बसते, त्याला काय करायचं?

आवाज_बंद
सरळ वर लावू नका. भांड्याच्या मध्यापासून वीतभर मागे सरकवा आणि किंचित तिरका करा, अंतर चार फुटांच्या आसपास ठेवून झूम वापरा. भाताचं झाकण उघडायचा प्रसंग असेल तर झाकण कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला कलतं करा, वाफ तिकडून निघून जाईल. लेन्स पुसायला मऊ कापड खिशात. पदराने किंवा ओट्याच्या फडक्याने पुसू नका, त्याला तेल असतं.

खरवस
आणि किल्ली?

आवाज_बंद
अंड्यांच्या कप्प्यात. भाजीच्या खणात टाकलीत तर सापडणार नाही.